मेण, ज्योत आणि रंग : पहिली युक्रेनी पिसांका कशी लिहावी

पिसांका करायला पहिल्यांदा बसलेल्या माणसाचा गोंधळ बहुधा एकाच ठिकाणी होतो. त्याला अंड्यावर लाल फूल हवे असते, म्हणून तो लाल रंग आणि कुंचला शोधू लागतो. या कलेत मात्र लाल फूल मिळवायचे तर आधी सगळे अंडे लाल करावे लागते, मग फुलाच्या जागेवर मेण लावावे लागते आणि त्यानंतर ते अंडे काळ्या रंगात बुडवावे लागते. शेवटी मेण वितळवून पुसले की त्याखाली राखलेले लाल फूल काळ्या भुईवर उघडे पडते. ज्यांनी बाटिकचे कापड तयार होताना पाहिले आहे त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. मेण रंग देत नाही, खालचा रंग राखून ठेवते. हे एकदा मनात पक्के बसले की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजत जातात, आणि ते बसले नसेल तर उत्तम साहित्य आणूनही अंडे फसते.

पिसांका म्हणजे काय

युक्रेनी भाषेत ‘पिसाती’ म्हणजे लिहिणे, आणि त्यावरून ‘पिसांका’ हे नाव आले. अनेकवचनात ‘पिसांकी’ म्हणतात. अंडे ‘रंगवले’ असे जाणकार म्हणत नाहीत, ‘लिहिले’ असे म्हणतात. आपल्याकडे वारली घरांत लग्नाचा चौक ‘लिहितात’, तसाच हा प्रयोग आहे आणि तो शब्दशः खरा आहे, कारण हातात कुंचला नसून मेणाची लेखणी असते.

युक्रेनमध्ये ईस्टरच्या सुमारास सजवलेली सगळीच अंडी पिसांका नसतात. उकडून एकाच रंगात रंगवलेली ‘क्राशांका’ सणाच्या दिवशी खाण्यासाठी असते. मेणाचे नुसते थेंब टाकून ठिपक्यांची केलेली ती ‘क्रापांका’, आणि गडद रंगवलेल्या अंड्यावर टोकदार वस्तूने खरडून पांढरी नक्षी काढलेली ती ‘द्र्यापांका’. पिसांका मात्र कच्च्या अंड्यावर लिहितात आणि ती खाण्यासाठी नसते. ती आप्तांना भेट द्यायची, घरात जपून ठेवायची वस्तू आहे. परंपरेने हे काम स्त्रियांचे. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या शेवटच्या दिवसांत, मुले झोपल्यावर, रात्रीच्या शांततेत त्या लिहायला बसत, आणि घराण्याच्या नक्ष्या व रंगांच्या कृती आईकडून मुलीकडे जात.

अंड्याला सूर्याशी आणि वसंताशी जोडण्याची कल्पना 988 मध्ये कीव्हच्या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्याच्याही आधीची मानली जाते. अंड्याचे कवच नाजूक असल्यामुळे जुने नमुने फार थोडे टिकले आहेत, त्यामुळे 2013 मध्ये ल्विव्ह शहरातील उत्खननात सुमारे 500 वर्षांपूर्वीची, हंसिणीच्या अंड्यावर लिहिलेली पिसांका सापडली तेव्हा अभ्यासकांना तिचे विशेष अप्रूप वाटले. सोव्हिएत काळात धार्मिक प्रथा म्हणून ही कला दडपली गेली. ती तग धरून राहिली ती मुख्यतः पश्चिम युक्रेनमधील खेड्यांत आणि परदेशी स्थायिक झालेल्या युक्रेनी कुटुंबांत. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात व्हेग्रेव्हिल या गावी 1975 मध्ये उभारलेली धातूची प्रचंड पिसांका ही त्याच स्थलांतराची खूण आहे. खुद्द युक्रेनमध्ये कोलोमिया शहरात 2000 साली पिसांकेचे स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले, आणि त्याच्या इमारतीचा मधला भागच एका भल्यामोठ्या अंड्याच्या आकाराचा आहे. डिसेंबर 2024 मध्ये युक्रेन आणि एस्टोनिया यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने या परंपरेची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

अंडे कसे निवडावे

अंड्याचा मूळ पांढरा रंग हाच पहिला रंग असल्यामुळे कवच पांढरे असणे नवख्यासाठी आवश्यक आहे. पोल्ट्रीची पांढरी अंडी यासाठी अगदी योग्य आहेत. गावरान अंड्याचे तपकिरी कवच सुंदर असले तरी त्यावर पिवळा रंग उठत नाही, म्हणून ते पुढच्या टप्प्यासाठी ठेवावे. अंडे ताजे असावे, कारण शिळे अंडे रंगाच्या बरणीत तरंगते आणि त्याचा वरचा भाग कोरा राहतो. आकार दोन्ही बाजूंनी सारखा, कवच गुळगुळीत, त्यावर खडबडीत दाणे किंवा सुरकुत्या नाहीत असे पाहावे. घरी आणल्यावर अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंडे टॉर्चच्या प्रकाशासमोर फिरवून बघावे. डोळ्याला एरवी न दिसणारी केसाएवढी भेग प्रकाशात चमकते, आणि असे अंडे हमखास शेवटच्या पायरीवर, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर फुटते.

अंडे फ्रिजमध्ये असेल तर आदल्या रात्री बाहेर काढून ठेवावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गार अंड्यावर बाष्प धरते, आणि ओल्या कवचावर मेण धरत नाही. कोमट पाण्याने अंडे हलक्या हाताने धुवावे, साबण आणि घासणी टाळावी. कवचावर प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर असतो आणि रंग धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो थर खरवडला गेला की रंग डागाडागांनी चढतो. शेवटी वाटीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात भिजवलेल्या फडक्याने अंडे टिपून घ्यावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

यानंतर हात हा सर्वांत मोठा शत्रू समजावा. जेवून, तेल लावून किंवा क्रीम चोळून अंड्याला हात लावू नये, कारण बोटांचा तेलकटपणा मेणाप्रमाणेच रंग अडवतो आणि अंगठ्याचा ठसा फिकट डागाच्या रूपाने कायमचा राहतो. माझ्या पहिल्या अंड्यावर असा एक स्पष्ट अंगठा आहे. सरकारी कागदावरही तो इतका चांगला कधी उमटला नाही.

मेण आणि लेखणी

मेण मधमाशीचेच हवे. बाजारातल्या मेणबत्तीला नाव मेणाचे असले तरी ती पॅराफिनची असते, आणि पॅराफिन थंड झाल्यावर ठिसूळ होऊन कवचावरून सुटते, मग त्याच्या कडेखाली रंग शिरतो. मधमाशीचे मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड झाल्यावरही कवचाला घट्ट चिकटून राहते. ते मध काढणाऱ्यांकडे किंवा मधाचे पदार्थ विकणाऱ्या दुकानांत मिळते. लिंबाएवढा गोळा नवख्याला बरेच महिने पुरतो. मेणबत्तीचा उपयोग मात्र आहेच, पण केवळ ज्योतीसाठी.

लेखणीला ‘किस्त्का’ किंवा ‘पिसाचोक’ म्हणतात. लाकडी काडीच्या टोकाला आडवे बांधलेले पितळेचे किंवा तांब्याचे लहानसे नरसाळे, असे तिचे रूप असते: रुंद तोंडाने मेण भरायचे आणि बारीक तोंडातून ते कवचावर उतरायचे. बारीक, मध्यम आणि जाड अशा तीन तोंडांच्या किस्त्का असतील तर काम सुखाचे होते. एकच घ्यायची असेल तर मध्यम घ्यावी. तयार किस्त्का परदेशी दुकानांतून ऑनलाइन मागवता येते. ती न मिळाल्यास पातळ तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्याचा तुकडा जाड सुईभोवती गुंडाळून शंकू करावा आणि तांब्याच्या बारीक तारेने तो पेन्सिलीएवढ्या काडीला घट्ट बांधावा. आकाराने ती मेंदीच्या कोनाची धाकटी बहीण वाटते, पण मेंदीचा कोन दाबावा लागतो आणि किस्त्का दाबायची नसते. मेण स्वतःच्या वजनाने आणि उष्णतेने उतरते. मेंदी काढणाऱ्यांचा हात रेषेवर लवकर बसतो, मात्र दाबण्याची सवय त्यांना आधी सोडावी लागते.

किस्त्केशिवायही सुरुवात करता येते. कार्पेथियन पर्वतात राहणाऱ्या लेम्को लोकांच्या प्रदेशात साध्या टाचणीने लिहिण्याची पद्धत आहे: टाचणीचे टोक पेन्सिलीच्या रबरात खुपसायचे, तिचे डोके वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर टेकवायचे आणि लगेच ओढायचे. थेंबाला शेपूट फुटून स्वल्पविरामासारखा फटकारा तयार होतो. अशा फटकाऱ्यांचे वर्तुळ केले की सूर्य किंवा फूल होते. लहान मुलांना शिकवायचे असेल तर मी हीच पद्धत आधी देईन, अर्थात ज्योतीपाशी मोठ्या माणसाने बसून.

रंग तयार करणे

जुन्या काळी रंग घराच्या आसपासचे असत: कांद्याच्या सालींपासून सोनेरी ते तांबूस, रानसफरचंदाच्या सालीपासून पिवळा, अक्रोडाच्या हिरव्या सालीपासून तपकिरी, सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांपासून गडद जांभळा. रंग पक्का बसावा म्हणून त्यात तुरटी घालत. आज बहुतेक जण पुड्यांतून मिळणारे तयार कृत्रिम रंग वापरतात, आणि नवख्याने तेच वापरावेत असे मला वाटते, कारण नैसर्गिक रंगांत अंडे तासन्‌तास ठेवावे लागते आणि निकाल सांगता येत नाही. पिसांकेसाठीचे रंग मिळाले नाहीत तर लोकर आणि रेशीम रंगवण्यासाठी विकले जाणारे आम्लरंग चांगले काम करतात. खाद्यरंग पिवळ्या-नारिंगीपर्यंत ठीक चालतात, पण त्यांचा काळा रंग बहुधा करडाच राहतो.

पुडीतला रंग पेलाभर उकळत्या पाण्यात विरघळवावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मग त्यात मोठा चमचाभर पांढरे व्हिनेगर घालावे. काही नारिंगी आणि गुलाबी रंगांना व्हिनेगर चालत नाही, म्हणून पुडीवरील सूचना वाचावी. ‘थंड’ या शब्दावर जोर देण्याचे कारण उघड आहे: रंग गरम असेल तर मेण सैल होऊन तासाभराचे लिखाण पुसले जाते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या वापरल्या तर आत काय चालले आहे ते दिसते, आणि झाकण लावून ठेवलेला रंग अनेक महिने चालतो. पुढे तो नीट चढेनासा झाला की चमचाभर व्हिनेगर आणखी घालावे. या बरण्या आणि चमचे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत, आणि या रंगांत बुडवलेले अंडे कुणी खाऊ नये.

कांद्याच्या सालींचा प्रयोग करून पाहायचाच असेल तर दहा-बारा कांद्यांच्या कोरड्या साली अर्धा लिटर पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळाव्यात, गाळून थंड कराव्यात आणि चिमूटभर तुरटी घालावी. एका रंगाच्या, पांढऱ्या रेषांच्या साध्या पिसांकेसाठी हा तांबूस रंग फारच देखणा दिसतो.

नक्षी ठरवणे

नक्षी अंड्यावर बसल्यावर सुचेल असे मानू नये. प्रत्येक भाग कोणत्या रंगाचा होणार हे आधी कागदावर लिहून काढावे, कारण एकदा काळ्या बरणीत गेलेले अंडे परत पिवळे होत नाही. रंगांचा क्रम फिक्याकडून गडदकडे जातो: पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल आणि शेवटी काळा किंवा गडद तपकिरी. हिरवा आणि निळा या क्रमात नीट बसत नाहीत, म्हणून ते कापसाच्या काडीने हव्या त्या जागीच लावतात, वाळल्यावर त्यावर मेण चढवतात आणि मग अंडे नारिंगीत बुडवतात; आजूबाजूला सांडलेला हिरवा नारिंगी रंग गिळून टाकतो. पहिल्या अंड्यावर हिरवा टाळावा.

प्रदेशाप्रमाणे नक्ष्या बदलतात. कार्पेथियन पर्वतातील हुत्सुल लोकांच्या कोस्माच गावाच्या पिसांकी पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांच्या व अतिशय बारीक रेषांच्या असतात. त्यांवर भौमितिक आकार, हरणे आणि घोडे दिसतात. ल्विव्हच्या उत्तरेकडील सोकाल भागात फांद्या, पाने आणि फुले मोकळेपणाने पसरतात. बहुतेक आकारांना लोकांत नावे आहेत: आठ टोकांचा तारा म्हणजे ‘रूझा’, करवतीसारखी नागमोडी म्हणजे ‘लांडग्याचे दात’, सगळ्या अंड्याला वळसा घालून स्वतःलाच मिळणारी अखंड रेषा म्हणजे ‘बेझकोनेच्निक’, आणि अंड्याचे त्रिकोणात्रिकोणांत केलेले विभाजन म्हणजे ‘सोरोकोक्लिन’, अर्थात चाळीस पाचरी. अर्थ मात्र गावागावांत वेगळे सांगतात, म्हणून प्रत्येक आकाराचा एकच पक्का अर्थ देणाऱ्या याद्यांवर फार विसंबू नये. जुने नमुने अभ्यासायचे असतील तर पोल्टावा भागातील लुब्नी येथे कातेरिना स्कार्झिन्स्का यांनी जमवलेल्या दोन हजारांहून अधिक पिसांकींच्या संग्रहाची छापील सूची पाहावी. सेर्हीय कुल्झिन्स्की यांनी केलेली ही सचित्र सूची 1899 मध्ये छापली गेली आणि आजही लिहिणारे त्यातून नक्ष्या उतरवून घेतात.

पहिली पिसांका : तारा आणि दात

पहिल्या अंड्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक आठ टोकांचा तारा आणि दोन ताऱ्यांच्या मधून अंड्याला उभा वळसा घालणारा लांडग्याच्या दातांचा पट्टा, एवढेच घ्यावे.

मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, मापे आखून घ्यावीत. सरळ वळशासाठी अंड्यावर रबरबँड चढवून त्याच्या कडेने रेषा ओढली की ती डगमगत नाही. अंड्याच्या दोन्ही टोकांवरून जाणारा उभा वळसा आधी आखावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटरवर पट्ट्याच्या कडा काढाव्यात. मग उरलेल्या प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूतून आठ किरण काढावेत. प्रत्येक किरणावर मध्यापासून 13 मिलिमीटरवर एक खूण करावी, दोन किरणांच्या बरोबर मधोमध 7 मिलिमीटरवर दुसरी, आणि या खुणा क्रमाने जोडत जावे. आठ पाकळ्यांचा तारा तयार होतो आणि मधला किरण प्रत्येक पाकळीचे दोन उभे भाग करतो. पेन्सिलीची रेषा चुकली तर ती तशीच ठेवावी. खोडरबर वापरू नये. खोडलेली जागा तुळतुळीत होते आणि तिथे रंग धरत नाही. शेवटी मेण पुसताना बऱ्याचशा पेन्सिलरेषा निघून जातात, उरलेल्या काळ्यात लपतात.

आता पंखा बंद करावा. ज्योत हलत असेल तर किस्त्का कधी थंड राहते, कधी अति तापते, आणि दोन्ही वेळा रेषा बिघडते. मेणबत्ती लिहित्या हाताच्या बाजूला, मेणाचा गोळा तिच्या शेजारी आणि समोर जुने फडके असावे. किस्त्केचे नरसाळे ज्योतीच्या कडेला काही सेकंद धरावे, मेणाच्या गोळ्यात खुपसून थोडे मेण भरून घ्यावे, पुन्हा क्षणभर तापवावे आणि बारीक तोंड आधी कागदावर टेकवून पाहावे. पहिला जास्तीचा थेंब कागदावर पडू द्यावा. तो अंड्यावर पडला तर परत घेता येत नाही.

लिहिताना किस्त्का कवचाला काटकोनात, पण न दाबता टेकवावी, करंगळी अंड्यावर किंवा टेबलावर स्थिर ठेवावी, आणि हात न हलवता अंडे फिरवावे. ही सवय लागायला दोन-तीन अंडी जातात, पण लांब रेषा सरळ येण्याचे सगळे गमक इथेच आहे. ज्योतीच्या काजळीने मेण काळपट होते आणि त्यामुळे पांढऱ्या कवचावर रेषा स्पष्ट दिसते. चांगल्या रेषेला ओली चमक असते. किस्त्का कवचावर कोरडी करकरू लागली आणि रेषा करडी, तुटक उमटू लागली की समजावे, मेण संपले किंवा थंड झाले. त्यावरच पुन्हापुन्हा न घासता ती तापवून घ्यावी. मोठा ठिपका पडलाच तर नखाने खरडत बसण्यात अर्थ नाही, कारण कवचाच्या छिद्रांत मेण उरतेच आणि तिथे फिकट डाग दिसतो. त्यापेक्षा दुसऱ्या बाजूलाही तसाच ठिपका देऊन त्याला नक्षीत सामील करून घ्यावे. जुन्या पिसांकींवरच्या काही ठिपक्यांचा जन्म असाच झाला असावा, असा माझा जुना संशय आहे.

पांढऱ्या फेरीत, जे जे शेवटी पांढरे दिसायचे आहे ते लिहावे: ताऱ्यांची बाह्यरेखा, किरण, पट्ट्याच्या दोन्ही कडा आणि त्यांच्यामध्ये दातांची नागमोडी रेषा. मग अंडे चमच्यावर ठेवून पिवळ्या बरणीत अलगद सोडावे. व्हिनेगर आणि कवचातील चुना यांच्या संयोगाने बारीक बुडबुडे येतात. ते एकाच जागी साचले तर तिथे ठिपके पडतात, म्हणून अंडे अधूनमधून फिरवावे. पाच ते दहा मिनिटांत पिवळा चढतो. बाहेर काढून मऊ कागदाने टिपावे, चोळू नये, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुढचे मेण लावू नये.

पिवळ्या फेरीत प्रत्येक पाकळीचा एक अर्धा भाग मेणाने भरावा, नेहमी एकाच बाजूचा, म्हणजे तारा घडी घातलेल्या कागदासारखा उठून दिसतो. भराव घालताना आधी कड गिरवावी आणि मग आत भरावे. सूक्ष्म फट राहिली तरी रंग तिथून आत शिरतो. यानंतर नारिंगीत पाच ते दहा मिनिटे. नारिंगी फेरीत पट्ट्याच्या एका कडेचे दात भरावेत. मग लालमध्ये दहा ते पंधरा मिनिटे. नारिंगीवर चढलेला लाल हा थेट पिवळ्यावर चढवलेल्या लालपेक्षा जास्त उबदार येतो. लाल फेरीत पाकळ्यांचे उरलेले अर्धे भाग आणि दुसऱ्या कडेचे दात भरावेत. हे सर्व झाल्यावर अंडे काळ्या बरणीत पंधरा-वीस मिनिटे किंवा लागल्यास त्याहून जास्त ठेवावे.

बाहेर येते ते एक ओबडधोबड, काजळलेले, ढेकळासारखे अंडे. बिघडले असे समजून ते टाकून देऊ नये. अंडे रात्रभर वाळू द्यावे.

मेण काढणे

अंडे ज्योतीच्या वर कधीही धरू नये. काजळी थेट रंगावर बसते आणि पुसली जात नाही. ज्योतीच्या शेजारी, एका बाजूने, दोन-तीन सेकंद धरावे. मेण ओले होऊन चमकू लागले की लगेच मऊ कागदाने तेवढाच भाग पुसावा, कागदाची स्वच्छ घडी पुढे घ्यावी आणि शेजारच्या भागाकडे वळावे. सगळे अंडे एकदम तापवण्याची घाई केली तर आतला द्रव फुगून कवच तडकू शकते. पहिली पुसणी झाली की काळपट थराखालून एक पांढरी रेषा, मग पिवळी पाकळी आणि तिला लागून तिचा लाल जोडीदार दिसू लागतो. तारा कसा दिसेल हे आपण स्वतःच ठरवलेले असते, तरीही हा क्षण दर वेळी नवा वाटतो. ज्योतीऐवजी केस वाळवायचे यंत्र वापरता येते. त्याला वेळ जास्त लागतो, पण काजळीची भीती नसते.

वार्निश आणि आतला द्रव

वार्निश तेलावर आधारित असावे. पाण्यावर आधारित वार्निश रंग ओढून घेते आणि सगळी नक्षी ओघळते. हातमोजे घालून तळहातावर वार्निशचे दोन थेंब घ्यावेत, अंडे त्यात फिरवून पातळ थर द्यावा आणि लाकडी फळीवर ठोकलेल्या तीन खिळ्यांच्या टोकांवर वाळत ठेवावे. असे दोन-तीन थर पुरेत. खिडक्या उघड्या असाव्यात.

परंपरेने पिसांका रिकामी करत नाहीत. आतला जीवनाचा अंश काढून टाकला तर तिचे बळच गेले, अशी त्यामागची श्रद्धा आहे, आणि भरलेले अंडे मोकळ्या हवेत ठेवले तर आतला भाग काही वर्षांत वाळून खडखडू लागतो. युक्रेनच्या हवेत हे जमते. आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मात्र मी अंडे रिकामे करण्याचाच सल्ला देईन, आणि तो अनुभवाने देतो. ठाण्याच्या घरी तीन भरलेल्या पिसांकी मी काचेच्या बंद पेटीत ठेवल्या होत्या. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांतली एक फुटली, उरलेल्या दोघींवर तिचा शिडकावा झाला आणि पुढचे चार दिवस पाहुण्यांना काहीबाही कारण सांगून बाहेरच्या खोलीत बसवावे लागले. वायू साचत असताना त्याला बाहेर पडायला वाव न देणारी बंद पेटी हीच माझी चूक होती.

रिकामे करण्याचे काम वार्निश वाळल्यावर करावे, कारण तोवर कवच मजबूत होते आणि ओघळलेल्या द्रवाने रंग बिघडत नाही. खालच्या टोकाला, जिथे नक्षी कमी आहे तिथे, अगदी बारीक ड्रिलने हाताने फिरवत एक भोक पाडावे. लांब सुईने आतला बलक मोडावा, इंजेक्शनच्या सिरिंजने आत थोडी थोडी हवा सोडत भोक खाली धरावे आणि द्रव वाटीत उतरू द्यावा. हवा जोराने सोडली तर कवच फुटते. मग पाणी भरून दोन-तीनदा खळखळून काढावे, भोक खाली करून दोन दिवस वाळवावे. हा द्रव रंगांच्या संपर्कात आलेला असल्याने तो ऑम्लेटमध्ये जाऊ देऊ नये. काही जण लिहिण्यापूर्वीच अंडे रिकामे करतात. तेही चालते, मात्र रिकामे अंडे रंगावर तरंगते, त्याचे भोक मेणाने बुजवावे लागते आणि काचेच्या पेल्याने ते दाबून धरावे लागते.

भोकाजवळ बारीक अक्षरांत साल लिहून ठेवावे. पिसांका थेट उन्हात ठेवू नये, कारण उन्हाने रंग फिके पडतात. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून ती कापसात गुंडाळून डब्यात न कोंबता उघड्या वाटीत किंवा लाकडी कड्यावर ठेवावी. आणि परंपरेला मान देऊन आपण ती भरलेलीच ठेवली असेल, तर पहिल्या दोन-तीन वर्षांत दर काही आठवड्यांनी तिची बाजू बदलावी, म्हणजे आतला बलक एकाच ठिकाणी बसून तिथले कवच आतून कमकुवत करणार नाही.